अर्धं परकं

आई, सातव्या महिन्यात मी माधवनगरला तुझ्याकडं बाळंतपणाला आले होते, ओकून ओकून हैराण. "माझ्या अंगाला हे पोर सोसत न्हाई," म्हणाले, तर तू भाकरी थापता थापता उसळलीस, "आगं, सोसंल कसं? अर्धं सासरचं हाय त्यात! तरी पोट सांभाळतंयच की." शेजारीण खो खो हसली. मला राग आला होता. आता मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तेच सांगतात, शब्द तेवढे त्यांचे.

तुझी ती नात आता तिशीला आली. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, म्हणून मी माझी एक दिली. सुरुवातीला छान चालली. मग तिच्या रक्तातल्या पेशी त्या किडनीला परकी म्हणू लागल्या. मी विचारलं, नऊ महिने माझ्या अंगानं हिला परकं म्हटलं नाही, मग हिचं अंग माझ्या किडनीला का म्हणतं? डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावलं. गरोदरपणी बाळाला पोसणाऱ्या वारेतल्या पेशी ट्रिप्टोफॅन नावाचा प्रथिनाचा एक घटक मोडून टाकतात. अंगावर धावून येणाऱ्या पेशींना तो लागतो. तो मिळाला नाही की त्या थंडावतात, काही तर उलट राखण करायला लागतात. पण हे उंदरांत दिसलंय, माणसात इतकं सरळ नाही, आणि त्याचं औषध अजून हाती नाही, असंही त्या म्हणाल्या.

मी मात्र एवढंच धरलं की खाणं तोडलं की भांडण मिटतं. घरखर्च मांडणारी बाई मी, तेवढंच कळणार. किडनी माझी, तर उपास माझा. देवापुढं बोलले आणि प्रथिनं असलेलं डाळ, दूध, शेंगदाणे सगळं सोडलं. लेकीनं ओळखलंच. "आवं मातोश्री, किडनी माज्या पोटात, भांडणाऱ्या पेशी माज्या, आन उपाशी तुमी? शेजाऱ्याच्या तापाला आपुन काढा प्यावा, तसं झालं की!" दोघी हसलो. मग तिनं आपल्या ताटातली उसळ माझ्या ताटात लोटली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, एका किडनीवर जगणाऱ्या बाईनं असं करायचं असतं का? पेशींची ती भूक वारेच्या जागेपुरती असते, ती ताटातून पोचत नाही.

काल त्यांनी सांगितलं, आता उपाय नाही. पुन्हा डायलिसिस. तिचं रक्त इतकं बिथरलंय की दुसऱ्या कुणाची किडनी जुळणंही कठीण. माझी बंद पडलेली किडनी तशीच आत राहील म्हणे. मी दिवा लावते, आरती म्हणते, पण मागायला तोंड उघडत नाही.

हे लिहून झालं की फाडणार आहे, लेकीच्या हाती लागायला नको. ती रोज विचारते, "टाक्यापाशी दुखतंय व्हय गं?" मी नाही म्हणते. दुखतं, आई.