डावा हात खाली होता

३ ऑक्टोबर

डोकं दुखत नाय. डॉक्टर म्हणाले होते, दीड महिना डोक्याला फटका नको आणि रोज लिहून ठेवा — दुखतं का, चक्कर येते का, उलटी होते का. म्हणून ही वही. दुखत नाय, चक्कर नाय, उलटी नाय. झालं लिहून.

४ ऑक्टोबर

दुखत नाय.

७ ऑक्टोबर

डॉक्टरांनी फक्त डोक्याचं विचारलंय. बाकीचं कुठं लिहायचं? इथंच लिहितो.

सोळा दिवस झाले. राज्य स्पर्धेची फायनल, सगळ्यात वरचा वजनी गट, दुसरा राऊंड. समोरच्याचा उजवा हात आला आणि मग एकदम छताचे दिवे दिसले. मधलं काहीच आठवत नाय. पंचांनी दहा मोजले म्हणं. मला एकही आकडा ऐकू आला नाय. एकशे सहा किलोचा माणूस आडवा पडला तर आवाज किती होत असंल, तोही नाय.

त्या पडण्याची क्लिप आता सगळ्यांकडं आहे. कुणीतरी स्लो करून, वर रडकं गाणं टाकून सोडलीय. कंपनीत पॅकिंगच्या लाइनवरची पोरं जेवणाच्या सुट्टीत बघतात आणि मी गेलो की फोन पालथा ठेवतात. एकजण तर तोंडावरच म्हणाला, "शिवराजभाऊ, डावा हात खाली होता तुमचा." जन्मात कुणाला चापट मारली नसंल ह्यानं. तोही मला हात कुठं ठेवायचा ते सांगायलाय.

मी नाय बघितली ती क्लिप. बघायची पण नाय.

१२ ऑक्टोबर

फारूख सर करमाडला घरी येऊन गेले. मी ड्यूटीवर असताना. नऊ वर्षं त्यांच्याकडं बॉक्सिंग शिकतोय, कधी घरी आले नव्हते — बोलवून बोलवून थकलो होतो.

सोनियाला विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, "काय नाय दादा. तुझी तब्येत विचारली. चहा केला तर अर्धा तसाच ठेवून गेले." आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. माझी बहीण खोटं बोलायला लागली की तिला भांडी सुचतात.

मी काय दूधखुळा नाय. अठ्ठावीस वर्षांचा झालो, पडलो, आणि पडलेला माणूस सगळ्या जिल्ह्यानं बघितला. सरांना मला सोडायचं असंल. तोंडावर सांगायचा धीर झाला नसंल, एवढंच.

१३ ऑक्टोबर

दुखत नाय. (डोकं.)

२१ ऑक्टोबर

दिवाळी. गल्लीत लक्ष्मी बॉम्ब फुटला की डोळे मिटतात. आधी मिटत नव्हते. सोनियानं बघितलं. लाडू दोन जास्त वाढले.

२३ ऑक्टोबर

भाऊबीजेला पाचोडला मावशीकडं. सोनिया पण होती. संध्याकाळी पाय आपोआप तालमीकडं गेले. बॉक्सिंगच्या आधी आठ वर्षं त्या मातीत काढलीत मी.

धोंडिबा वस्ताद आता खुर्चीवर बसून असतात, गुडघे गेलेत. पण आवाज तसाच. दोन पोरं लढत होती. खालच्या पोराची मान वाकडी व्हायला लागली तसं वस्तादांनी वरच्याचं नाव घेतलं. एकदाच. तो पोरगा डाव सोडून उभा राहिला आणि वस्तादांच्या डोळ्यात बघायला लागला. आमच्या तालमीचा पहिला कायदा — वस्तादानं नाव घेतलं की हातातलं सोडायचं आणि त्याच्याकडं बघायचं. जिंकत असला तरी. नाय बघितलं तर आठवडाभर आखाडा खणायचा. मी दोनदा खणलाय. तिसऱ्यांदा वेळ आली नाय.

वस्ताद मला म्हणाले, "काय रं, लई जोरात पडलास म्हणं." व्हय म्हणालो. "मग मातीत ये परत. माती लागत नाय." हसलो. बसमध्ये मात्र लई वाईट वाटलं. सोनिया शेजारीच होती, म्हणून खिडकीकडं तोंड करून बसलो.

६ नोव्हेंबर

दीड महिना संपला. डॉक्टरांनी सही दिली. क्लबवर गेलो. मनात पक्कं होतं की सर परत पाठवणार.

नाय पाठवलं. म्हणाले, "सगळं नव्यानं करायचं. आधीचा शिवराज विसर." एकवीस डिसेंबरला राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे, त्यात मला उतरवणार म्हणं.

आधीचा शिवराज म्हंजे काय — सरळ चालत जायचं, दोन फटके खायचे, एक द्यायचा. मातीतला माणूस, पुढंच जाणार. आता ते बंद. आता दोन्ही हात गालाला चिकटवून, हनुवटी छातीत. हनुवटीखाली टेनिसचा बॉल दाबून तीन-तीन मिनिटं फिरवतात मला. बॉल पडला की पहिल्यापासून. वजन मागच्या पायावर. डावा सरळ हात लांबूनच मारायचा आणि बाजूला सरकायचं. जवळ आला तर मिठी मारून धरून ठेवायचं. जवळच जायचं नाय तर मग बॉक्सिंग कशाला, पत्र पाठवावं माणसानं.

पण करतोय. बॉल आज अकरा वेळा पडला.

१० नोव्हेंबर

सहा वेळा.

१५ नोव्हेंबर

एक गोष्ट कुणाला सांगता येईना, म्हणून इथं.

सर बोलत नाहीत. शिकवताना बोलतात — पाय, कंबर, बॉल. पण मी रिंगमध्ये चढलो आणि घंटा वाजली की एक शब्द नाय. राऊंड चालू असताना कोपऱ्यातून बोलायला मनाईच असते म्हणा. पण सगळेच बोलतात, आणि आमचे सर तर सगळ्यात जास्त. दोनदा पंचांनी त्यांना खाली बसवलंय. सरांचा आवाज म्हंजे अख्ख्या हॉलला पुरायचा — "शाब्बास बेटा, अंदर घुस, अंदर!" त्या आवाजावर मी नऊ वर्षं लढलोय.

आता दोरीला हात लावून नुसते उभे राहतात. तोंडात रुमाल धरतात. खरंच धरतात, दातात.

ज्याच्याकडून आशा असते त्याच्यावर माणूस ओरडतो. माझ्यावर ओरडून काय मिळणार आता?

२२ नोव्हेंबर

विश्वजीतबरोबर चार राऊंड. आमच्या क्लबचा आहे, माझ्यापेक्षा बारा किलो हलका, पण हात चपळ. पहिल्यांदा त्याचा उजवा आला तेव्हा डोळे मिटले माझे. दुसऱ्यांदा पण. तिसऱ्यांदा हात होता तिथंच होता, फटका हातावर आला, डोक्याला काही नाय. म्हंजे नवा खेळ लागू पडतोय. मला आवडत नाय, पण लागू पडतोय.

उतरल्यावर विश्वजीत म्हणाला, "भाऊ, भिंतीला मारल्यागत वाटलं." चांगलं म्हणाला की वाईट, कळलं नाय.

सरांकडं बघितलं. ते माझे ग्लोव्हज पुसत होते. माझ्याकडं वर बघितलंच नाय.

३० नोव्हेंबर

सांगून टाकलं शेवटी. चाचणीला कोपऱ्यात ते नसणार. विश्वजीत उभा राहणार.

का म्हणून विचारलं. म्हणाले, "तुला आता कोणाची गरज नाय शिवराज. अकेला लढ. अच्छा लढेगा." मी म्हणालो, मला पाहिजे ना तुम्ही. त्यावर सर उठले आणि जाऊन नळ बंद करून आले. नळ बंदच होता.

मी पडलो त्याची लाज वाटत असंल त्यांना. चार लोकांत माझ्या मागं उभं राहायला नको वाटत असंल. बोलत नाहीत, पण मला समजतं. रागानं बॅग उचलली आणि सलाम न करता निघालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

१ डिसेंबर

ड्यूटीवर सुपरवायझरनं मागून नाव घेऊन हाक मारली. हातातला खोका सोडून वळलो, खोका पायावर. अंगठा काळानिळा. आता हे पण डॉक्टरला लिहून द्यायचं का?

९ डिसेंबर

जातो, करतो, येतो. सर आणि मी कामापुरतं बोलतो. बॉल आज एकदाही पडला नाय.

२१ डिसेंबर

जिंकलो.

तीन राऊंड पळालो, डावा हात लांबून मारत राहिलो, जवळ आला की धरलं. लोक ओरडत होते, "अरे लढ की!" एकजण मला पिठाचं पोतं म्हणाला. तीन पंच माझ्याकडं, दोन त्याच्याकडं. राज्याच्या संघात नाव लागलं. हात वर केला पंचांनी तेव्हा मला काहीच वाटलं नाय. पडलो नाय, एवढंच.

सर होते. शेवटच्या रांगेच्या मागं, दाराशी. बिनओळखीच्या माणसासारखे उभे. मी खाली उतरेपर्यंत गेले होते. विश्वजीतकडं निरोप ठेवलेला — पुढच्या स्पर्धेला पण तोच येणार, सर नाय.

घरी येऊन सोनियाला म्हणालो, सरांनी मला टाकलं. जिंकून सुद्धा टाकलं. आणि मग मला रडू आलं. एवढा मोठा देह, पण काय करणार, आलं.

२२ डिसेंबर

सोनियानं आज तिचा फोन माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "ती जी फिरते ना, ती माझीच क्लिप. मी मैत्रिणीला पाठवली, तिथून गेली. चूक झाली दादा. पण ही मूळची आहे. गाणं नाय ह्याच्यावर."

तिनं कोपऱ्याच्या मागच्या खुर्चीवरून काढलेली. सर ऑक्टोबरात घरी आले ते हीच बघायला आले होते. चार वेळा बघितली, चहा सोडला आणि तिला म्हणाले, "उसको मत दिखाना." तिनं शब्द दिला होता.

"आज मोडते," म्हणाली. "तू म्हणतोस त्यांनी टाकलं. आवाज लावून बघ."

फोन उशाशी आहे. बघायचा धीर होईना.

२३ डिसेंबर

बघितली.

डावा हात वर आहे. गालाला लागून, जिथं पाहिजे तिथंच. मग सरांचा आवाज येतो — "शिवराज!" — आणि मी त्यांच्याकडं बघतो. समोरच्याला सोडून, हात सोडून, शाळेत हजेरीला बघतात तसं. त्यानंतर पडतो. नऊ वर्षं रिंगमध्ये 'बेटा' म्हणायचे, नाव त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं.

तालीम सोडून नऊ वर्षं झाली. मान अजून तिथंच आहे. सरांना कुठून माहीत असणार? मी कधी सांगितलंच नाय. आणि ते दीड महिना तोंडात रुमाल धरून उभे.

सकाळीच क्लबवर जातो. आधी सलाम, राहिलेला. मग सांगतो — कोपऱ्यात तुम्हीच उभे राहायचं. आणि माझं नाव घ्या, पाहिजे तेवढ्या जोरात. मी बघणार नाय.