बाविसावी सुरी

३ डिसेंबर, दमदम

सुनंदा दिगंबर केळुसकर,

तुझे संपूर्ण नाव मी आयुष्यात फार थोड्या वेळा लिहिले. बदलीच्या अर्जांवर, शिधापत्रिकेवर, आणि सप्टेंबरात त्या आठ दिवसांच्या तापानंतर एका दाखल्यासाठी. हाक तर नावाने कधी मारलीच नाही. "अगं" म्हटले की तू येत असस. आता "अगं" म्हणून उपयोग नाही, म्हणून पूर्ण नावाने आरंभ करतो. नावाआधी "कै." लिहिण्याचा प्रयत्न केला. जमले नाही.

सकाळी ९ वा. तुझ्या निसर्ग मंडळाच्या काकोलीदींचा फोन. जानेवारीच्या शिबिराची यादी पक्की करीत आहेत. पुरुलियाचे डोंगर, तीन रात्री रानात, तंबू नाही. प्रत्येकाजवळ एक भांडे, एक दोर, एक काड्यापेटी आणि एकच सुरी. जुलैत तू आपल्या दोघांची नावे दिली होतीस, हे मला आज कळले.

"दादा, नावं दोन आहेत... काय करू?"

"एक खोडा."

कोणते, हे त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही.


४ डिसेंबर

जाणार. निर्णय पक्का. डावा गुडघा दुखतो, त्याचे पाहू.

खाली घरमालक घोषबाबूंना सांगितले, जानेवारीत घर रिकामे करतो. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. लेकीचा आग्रह आहे की बंगळूरला तिच्याकडे यावे. सामान तिकडे जाईल. माझे शिबिरानंतर ठरवू.


६ डिसेंबर

तक्ता काढला. एकवीस ओळी, नऊ रकाने. पोलाद, काठिन्य, पात्याची लांबी, जाडी, मूठ, पाठ, गंज, वजन, शेरा. शेऱ्याचा रकाना एकवीसही ठिकाणी कोरा.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तू म्हणालीस, "अहो, शिबिराला एकच सुरी न्यायची असते. तुमचा जन्म धातू तपासण्यात गेला, तुम्हीच सांगा कोणती घेऊ." किती साधी मागणी. मला फार आनंद झाला होता. तो मी बोलून दाखविला नाही, तक्ता आखला.

घडीचा चाकू बाद, कारण बिजागरीपाशी तो मोडणारच. नऊ इंची पात्याने फांदी तुटते, पण बटाटा सोलता येत नाही. बोटभर पात्याने बटाटा सोलता येतो, पण ओंडका फुटत नाही. पात्याला पाणी जास्त दिलेले असेल तर ठिसूळ, कमी दिलेले असेल तर वाकते. मग प्रयोगशाळेतील जुन्या सहकाऱ्याकडे काठिन्य मोजून घेतले. मग पोलादाविषयी नवा मजकूर वाचला, आणि आधीच्या सात ओळी पुन्हा तपासल्या.

तू चहा ठेवून जाताना म्हणालीस, "सुरी निवडायची आहे हो, जावई नव्हे."

त्या वर्षीचे शिबिर हुकले. गेल्या हिवाळ्यातही तक्ता अपुराच. तू "असू दे" म्हणालीस आणि चार दिवस जमशेदपूरला शरदकडे, मामेभावाकडे, गेलीस.

दोन हिवाळे. तिसरा तुला मिळाला नाही.


९ डिसेंबर

सियालदह. पुलाखालचे ते लोखंडी सामानाचे दुकान, तोच दुकानदार. कोलकात्यास बदली झाल्यावर पहिल्या महिन्यात आपण येथेच आलो होतो. मी ऐटीत विचारले होते, "चुरी आहे?" बंगालीत सुरीला "छुरी" म्हणतात आणि "चुरी" म्हणजे चोरी, हे मला कोठे ठाऊक. तो म्हणाला, "चुरी तर रोज होते दादा, पण आम्ही विकत नाही." दमदमच्या गाडीत बसेपर्यंत तू हसत होतीस. त्यानंतर घरात काही सापडेनासे झाले की "अहो, छुरी की चुरी?"

आज त्याने तुझी चौकशी केली, "बौदी आल्या नाहीत?"

"घरी आहे," म्हणालो.

खोटे का बोललो, याचे समाधानकारक कारण देता येत नाही. काही न घेता परतलो.


१२ डिसेंबर

भाजी चिरताना बोट कापले. किरकोळ.

सुरी पुसून ओट्यावर ठेवली आणि मागे सरकलो. मग लक्षात आले की उचलणारे कोणी नाही. सुरी कोणाच्या हातात देऊ नये, भांडण होते, असे तुझे. तू ओट्यावर ठेवायचीस, मग मी उचलायची. चौतीस वर्षे. मी त्यास अंधश्रद्धा म्हणत असे. एकदा हट्टाने तुझ्या हातातूनच घेतली, आणि त्यावरूनच आपला वाद जुंपला. संध्याकाळपर्यंत अबोला. दिवे लावताना तू म्हणालीस, "बघा, झालं ना?"


१५ डिसेंबर

निवड झाली. ओळ क्र. १४. कार्बन पोलाद. पाते अकरा सें.मी., जाडी चार मि.मी. पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले. पाठ काटकोनी, चकमकीवर घासल्यास ठिणगी पडते. गंजेल, परंतु तेलाचे बोट फिरविल्यास भागते. तत्त्व असे: एकच बाळगायची असेल तर ती एखाद्या कामात सर्वोत्तम असण्याची आवश्यकता नाही, कोणत्याही कामात वेळेवर हाताशी नसली, असे होता कामा नये.

हे वाक्य लिहून थांबलो.

दु. ३ वा. आणली. वेळ लागला दोन वर्षे, एक महिना. टेबलावर ठेवली आहे. तू असतीस तर उचलली असतीस आणि म्हणाली असतीस की


१९ डिसेंबर

माळ्यावरून तुझी सॅक काढली. तळाशी, लोकरी टोपीत गुंडाळलेले, बंगाली वर्तमानपत्राचे पुडके. वर शाईच्या पेनाने तुझे अक्षर: "चुरीची छुरी. ह्यांना सांगायचे नाही."

आत एक सुरी.

पाहणी: गावठी लोहाराचे काम. पोलाद अज्ञात, बहुधा गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचे. पाते मुठीत जेमतेम दोन बोटे गेलेले. मूठ लाकडी, चिरलेली, तीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळलेली. पट्टीचे टोक ज्या पद्धतीने खोचले आहे, ती पद्धत मी ओळखतो. लोणच्याच्या बरणीचा दादरा तू तसाच बांधायचीस. धारेला तीन खांडे. पात्यावर वाळलेला चीक आणि काजळी.

काजळी. म्हणजे विस्तवापाशी होती. केव्हा?


२० डिसेंबर

स. ११ वा. काकोलीदींकडे. पुडके उघडून समोर ठेवले. त्या प्रथम हसल्या, मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले.

"दादा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

गेल्या हिवाळ्यात तू जमशेदपूरला गेलीच नव्हतीस. शिबिरात होतीस.

त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. सुरी तू वाटेत पुरुलियाच्या बाजारात घेतलीस, पाच मिनिटांत. कोणी म्हणाले, दीदी, जरा बघून घ्या. तू म्हणालीस, "बघणारा माणूस घरी आहे. त्याचं अजून संशोधन चालू आहे." दुसऱ्या रात्री ओंडका फोडताना मूठ चिरली. वाटेवर एका सायकलवाल्याकडून फाटकी ट्यूब मागून घेतलीस, बांधलीस आणि सर्वांना दाखवीत फिरलीस: "आमच्या साहेबांच्या तक्त्यात ही नापास होणार."

"खूप हसलो आम्ही," काकोलीदी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती म्हणायची, पुढच्या वर्षी त्यांना घेऊन येते. रानात शेकोटीपाशी बसवून ही सुरी पुढ्यात ठेवीन. तिथे तक्ता नसेल, मग बघू काय बोलतात."

म्हणून दोन नावे.

चहा न पिता निघालो. हे असभ्य झाले. उद्या फोन करून क्षमा मागेन.


२१ डिसेंबर

रागावलो आहे. कोणावर, ते लिहिण्याजोगे नाही.

तू "जमशेदपूरचा" म्हणून मध आणला होतास. काळसर, किंचित कडवट. मी तो चार महिने पोळीशी खाल्ला आणि शरदला आभाराचे रीतसर पत्र धाडले. त्याचे उत्तर आज फाइलीत सापडले: "मध आवडला, आनंद झाला. आणखी लागल्यास सुनंदाला सांगावे, तिला जागा ठाऊक आहे."

मीच तेवढा बाहेर.


२२ डिसेंबर

काही लिहिण्यासारखे नाही. काकोलीदींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "वेडे आहात का दादा?"


२५ डिसेंबर

लेकीचा फोन. ऋचाचे मराठी तुझ्यामागे आणखी घसरले आहे. "बाबा, तुझा खोली तयार आहे." तू असतीस तर "तुझी खोली" म्हणून तिला थांबविले असतेस. मी थांबविले नाही.

"ऋचा, आई गेल्या हिवाळ्यात कोठे गेली होती, तुला माहीत होते?"

"हो, बाबा."

"मग मला कोणी का सांगितले नाही?"

"आई म्हणाली, ते विचारतील ना, तेव्हा सांगेन. एकदा तरी विचारतील, जमशेदपूरला काय केलंस म्हणून." मग हळूच म्हणाली, "तू विचारला नाहीस, बाबा."

नाही विचारले. तू परतलीस त्या संध्याकाळी तुझ्या हातांवर ओरखडे होते. मी पाहिले होते. मी म्हणालो, "बरे झाले आलीस, ओळ क्र. ९ विषयी एक शंका आहे."

तीन महिने मी समजत होतो की माझ्या विलंबाने तुझे रान हिरावले. तसे झाले नाही. तू माझ्यासाठी खोळंबली नाहीस, हे फार बरे केलेस. मी हिरावले ते एवढेच: ते कोणाला तरी सांगण्याचे सुख. घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा पिता पिता, नवऱ्याला.


५ जानेवारी

नियम एका सुरीचा. नेण्याजोग्या घरात दोन.

रीत म्हणून तुझी सुरी तक्त्यात घातली. ओळ क्र. २२. पोलाद: अज्ञात. काठिन्य: मोजलेले नाही. मूठ: सदोष, हलते. पाठ: गोल, ठिणगी पडत नाही. गंज: आहे. सर्व रकान्यांत नापास, तुझे भाकीत खरे ठरले.

मग शेऱ्याचा रकाना आला. एकवीस ठिकाणी कोरा ठेवला होता, कारण लिहिण्यासारखे काही घडलेच नव्हते. बाविसाव्या ओळीत लिहिले: "वापरलेली."


९ जानेवारी

कुरुंदाच्या दगडावर तुझ्या सुरीस धार लावली. दोन खांडे गेली, तिसरे खोल आहे, राहू दिले. मूठ काढून दोन रिवेट मारणे मला अवघड नाही, एका तासाचे काम. हत्यारे काढली. तुझी गाठ सोडण्यासाठी नख घातले, आणि हत्यारे परत ठेवली.

धातुतज्ज्ञ म्हणून माझे मत असे की ही मूठ तीन रात्री टिकण्याची शक्यता अर्धी धरावी.


१२ जानेवारी

सामानाचा ट्रक काल बंगळूरकडे गेला. त्यापाठोपाठ माझे जाणे कोणत्या तारखेचे, असे ऋचाने विचारले. तिकीट काढलेले नाही, असे खरे ते सांगितले. मग प्रथमच तिला विचारले, "तुझे दिवसभर काय चालते?" ती गोंधळली. मग वीस मिनिटे बोलली. तीन ठिकाणी लिंग चुकली.

दु. ४ वा. खाली घोषबाबूंकडे. क्र. १४ ची सुरी त्यांना भेट म्हणून नेली. कोरी, म्यानासह. "आमाके?" मला? म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी ती त्यांच्या हातात न देता मेजावर ठेवली. ते चक्रावले.

"आमच्यात हातात देत नाहीत," मी म्हणालो. "भांडण होते."

त्यांनी ती मेजावरून उचलली. "बौदीही असंच करायच्या," म्हणाले. "मी कोयता मागितला की वरून आणून पायरीवर ठेवून जायच्या."

संध्याकाळी हावड्याहून गाडी. मंडळाचे लोक घड्याळाखाली भेटणार. सॅकमध्ये एक भांडे, एक दोर, एक काड्यापेटी, लोकरी टोपीत एक सुरी. तक्ता ट्रकबरोबर गेला. शेकोटीपाशी ती पुढ्यात ठेवल्यावर काय बोलावे, ते अद्याप सुचलेले नाही.

वर जाऊन खिडक्या पाहिल्या, ओटा पुसला. दार कुलूपबंद केले, दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या घोषबाबूंना परत केल्या. दोन्ही.