गोजरबाईचा आवाज

१२ मार्च १९७३, सोमवार

पोचले एकदाची! जालन्याहून भोकरदनपर्यंत एक एस.टी., तिथून धावड्याला दुसरी, आणि पुढे डोंगराच्या दिशेने पायी. वस्तीवरचा कडूबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होता आणि वाटेत जे जे वाळलेलं दिसेल त्याचं नाव सांगत होता. ही बाभळ होती, हा ओढा होता, हे शिवार होतं. सगळं ‘होतं’, आणि तरी माणूस हसतमुख.

मिशनने बांधलेली खोली छान आहे. चुन्याने रंगवलेली, वर पत्रे, पुढे ओटा. आतल्या भिंतीवरचा क्रूस आधीच्या प्रचारकांनी काढून नेला असावा, त्याची पांढरी खूण तेवढी राहिली आहे. मी पुसून माझा टांगला. औषधाची पेटी, दूधपावडरचे डबे, पाट्या, पेन्सिली आणि पिंप भरून पाणी. मिशनची जीप अधूनमधून येऊन पिंप भरून देणार आहे.

पहिली भेटायला आली ती तुळजाबाई. साठीची, दोन दात शिल्लक. पाठीशी लपलेली सात-आठ वर्षांची नात, बेबीनंदा. मी म्हटलं, मी रूथ, देवाची गोष्ट सांगायला आले. तिने पिंपात वाकून पाहिलं आणि म्हणाली, आवं रूतबाई, गोष्टी आमच्यापाशी बी लई हाईत, पानी किती आनलं ते सांगा. मी खूप हसले. मला इथे करमेल.

१४ मार्च

आज बाजा काढला, मिशनचा हाताने फिरवायचा ग्रामोफोन. पुठ्ठ्याचं पाकीट असतं. उघडून तंबूसारखं उभं केलं की त्यातली सुई तबकडीवर टेकते. तबकडीच्या भोकात पेन्सिल घालून हाताने फिरवायची. ना वीज, ना सेल. गेल्या वर्षी मिशनची माणसं इथे येऊन याच वस्तीतल्या एका बाईकडून हरवलेल्या मेंढराची गोष्ट भरून घेऊन गेली होती. मिशनच्या मोठ्या बाईंचा आग्रह, की गोष्ट पुस्तकी नको, ज्यांना सांगायची त्यांच्याच बोलीत हवी. त्या बाईचं नाव गोजरबाई. तबकडी तयार झाली की पहिली तुलाच ऐकवू, असं तिला कबूल केलेलं.

म्हणून मी ओट्यावर उभी राहून आनंदाने विचारलं, तुमच्यातली गोजरबाई कोण?

तुळजाबाई म्हणाली, ती न्हाई. मला वाटलं, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली असेल. मी तबकडी फिरवली.

‘ऐका बायांनो, एका धनगराची शंभर मेंढरं व्हती. त्यातलं एक चुकलं. मंग धनगर काय म्हनतो, नव्व्याण्णव हाईत की, जाऊ द्या? बिलकुल न्हाई. त्यो निघाला. हाका मारून राह्यला, हुडकून राह्यला...’ काय गोड आवाज! किंचित बसका, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. एका बाईने पदर तोंडात कोंबला. कडूबा उठून चालता झाला. मी समजले, नवल वाटलं असेल. बेबीनंदा मात्र पुढे आली आणि ताप बघावा तसा तिने पुठ्ठ्यावर तळहात ठेवला.

१८ मार्च, रविवार

उपासनेला सगळी वस्ती! बौद्ध घरातली माणसंसुद्धा. जालन्याला पत्र लिहून टाकलं. खरं म्हणजे सगळे बाजासाठी येतात. पुनःपुन्हा तीच गोष्ट मागतात, आणि कुणीतरी बाजाजवळ वाटीभर पाणी ठेवून जातं. आजच्या काळात वाटीभर पाणी! संध्याकाळी वाटी कोरडी होती. ऊन काय कमी आहे?

बेबीनंदा आता माझ्या ओट्यावरच असते. बोलत नाही. केस विंचरून दिले तेव्हा डोळे मिटून बसली. पाटीवर अक्षरं गिरवते. घर, नळ, कमळ, पळ. काना-मात्रा नसलेले शब्द भराभर वाचते. ‘पळ’ वाचला की मी दोन पावलं पळून दाखवते, मग हसू येतं तिला.

दुपारी मी गोजरबाईची बोली घोटत बसते. माझं नगरकडचं मराठी यांना सरकारी वाटतं. आज एक वाक्य अगदी तिच्यासारखं जमलं.

२७ मार्च

आज तुळजाबाईने सांगितलं. खडी फोडावी तसं, एकेक.

गोजरबाई तिची सून, बेबीनंदाची आई. बाप ऊसतोडीला गेला तो आलाच नाही. खालच्या गावातल्या विहिरीवर या लोकांना अजून दोर टाकू देत नाहीत. वस्तीची विहीर आटलेली, तळाशी फक्त एक पाझरणारा झिरा. बायका पाळीने दोराने उतरायच्या आणि वाटी-वाटीने हंडा भरायच्या. दिवाळीनंतर एका दुपारी गोजरबाई खाली असताना कडेचे दगड ढासळले. दोर कडूबाच्या हातात होता.

ती लगेच मेली नाही. दगडांखालून आवाज येत राहिला. पाणी मागायचा. लोकांनी घरातलं होतं नव्हतं ते पाणी वाटी-वाटीने त्या फटीत ओतलं. दगड हलवायला गेले तर आणखी ढासळायचे. खालच्या गावाकडे पहारी मागितल्या, मिळाल्या नाहीत. पाणी संपलं. आवाज संपला नाही. मग लोकांनी त्या बाजूला जाणंच सोडलं. कुणाला ऐकवेना. एकटी बेबीनंदा कठड्यावर पालथी पडून असायची. आईने तिला खालून सांगितलं होतं, पोरी, हितंच थांब, म्या येते.

पुढे आवाज थांबला. पुरुषांनी विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. ती अजून तिथेच आहे.

आणि तो आवाज मी पेन्सिलीने फिरवून त्यांना परत ऐकवला. हसत हसत.

मी बाजा ट्रंकेत टाकायला उठले तर तुळजाबाईने माझा हात धरला. म्हणाली, र्‍हाऊ द्या बाई. आता ती पानी मागून न्हाई राह्यली, गोष्ट सांगून राह्यली. तेवढं तरी ऐकू द्या.

४ एप्रिल

बेबीनंदा खंगत चालली आहे. आधी मला वाटलं जंत असतील. आज पाहिलं, तिच्या वाट्याचं दूध आणि पाणी ती बाजाजवळच्या वाटीत ओतते. आई आल्यावर पिईन, म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

जालन्याच्या बोर्डिंगात जागा आहे. तिथे नळ आहे, दोन वेळचं जेवण आहे. ईस्टरनंतर जीप येईल तेव्हा तिला पाठवायचं ठरवलं. तुळजाबाई कबूल झाली. बेबीनंदा नाही. आईने थांबायला सांगितलं आहे, म्हणून ती वस्ती सोडत नाही. मी समजावते, विनवते. ती माझ्याकडे परक्या माणसासारखी बघते. मनगटं इतकी बारीक झालीत की नाडी बघायला बोट टेकवायचीही भीती वाटते.

प्रभू, हे एक मेंढरू मला वाचवू दे. नव्व्याण्णव तुझी.

९ एप्रिल

मी एक गोष्ट केली. बरी की वाईट, कळत नाही.

ती सकाळपासून निपचित पडली होती. ओठ फाटलेले. चमच्याने घातलेलं पाणी गालावरून वाहून जात होतं. मी खोलीत गेले, दार ओढून घेतलं आणि आतून गोजरबाईच्या आवाजात म्हटलं, पोरी, पानी पी. म्या सांगून राह्यले, पी.

ती उठून बसली. सगळा तांब्या प्याली. मग भाकरी खाल्ली, रेशनवर येणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी, जी इथे कुणाला गिळवत नाही.

तुळजाबाई ओट्यावर बसून होती. ती माझ्याकडे पाठ करून बसली.

१५ एप्रिल

रोज दुपारी दारामागून बोलते. बेबीनंदा खाते, पिते. गालावर थोडं रक्त आलं. मी स्वतःला सांगते, पोर जगते आहे ना?

पण मला विलक्षण तहान लागते. पिंपातलं पाणी कितीही प्यायले तरी घशात माती राहते.

आणि आणखी एक. काल दारामागून मी म्हणाले, बेबे, तुझं चांदीचं वाळं आढ्याला चिंधीत बांधून ठिवलंय, आजीला काढाया सांग. हे मी का म्हणाले? मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ‘बेबे’ ही हाकसुद्धा तुळजाबाई मारत नाही. तिने जाऊन आढं चाचपलं. चिंधीत वाळं होतं.

ती ते माझ्यासमोर घेऊन आली आणि म्हणाली, रूतबाई, लई झालं, बंद करा.

१६ एप्रिल

दुपारी बोलले नाही. बेबीनंदाने दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही.

संध्याकाळी बोलले.

२० एप्रिल, शुभ शुक्रवार

दुपारी बाराची उपासना. प्रभूचे क्रूसावरचे शब्द एकेक सांगत होते, त्यांच्या बोलीत, हळू. लोक ऐकत होते. मग ‘मला तहान लागली आहे’ हे सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि ते थांबेना.

तहान लागली. पानी सोडा. कडूबा, दोर सोड. वर कोन हाय? बोला ना कुनीतरी. बेबे...

बायका किंचाळत उठल्या. कडूबाने कानांवर हात दाबले आणि तो ओट्याच्या कडेवर कपाळ आपटू लागला. मी पाहत होते, माझे ओठ हलताना मला जाणवत होते, पण मी ते हलवत नव्हते. बेबीनंदा पळत आली आणि तिने माझ्या कमरेला मिठी मारली. आये, म्हणाली.

आता ओटा रिकामा आहे. मी तबकडीचे तुकडे केले आणि चुलीत जाळले. वास अजून खोलीत आहे.

२३ एप्रिल

तबकडी नाही, तरी आवाज आहे. माझ्याच गळ्यात.

प्रार्थना करायला बसले. ‘हे आमच्या पित्या’ इतकंच आलं, पुढे तिचं. माझा स्वतःचा आवाज कसा होता, आठवून पाहते. आईला हाक कशी मारायचे मी?

लिहिताना मात्र मी मीच आहे. म्हणून लिहून राह्यले —

नाही. लिहिते आहे. लिहिते आहे.

२५ एप्रिल

तुळजाबाई दाराबाहेरून बोलली. माझ्याशी नाही, तिच्याशी. गोजरे, तुला पानी पुरलं न्हाई, त्यो गुन्हा आमचा. पोरीचा न्हाई. तिला सोड माय. पाया पडते सुनेच्या, म्हातारी.

मी आतून ओरडले, तिला घेऊन जा, आजच्या आज धावड्याला जा! निघालं ते असं: पोर माझी हाय. म्या एकलीच अंधारात किती दिस र्‍हाऊ?

जीप परवा येणार. परवापर्यंत पोर माझ्या आवाजापासून लांब हवी. तोंडात बोळा कोंबून पदराने बांधून घेतलंय. तहान —

२६ एप्रिल

चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. पोरीला डोंगरापल्याड न्या, मी हाक मारली तरी सोडू नका. तुळजाबाईने उलटसुलट पाहिली. तिला वाचता येत नाही. कडूबाला नाही. इथे कुणालाच नाही. मी एकीलाच शिकवलं, तिलाही काना-मात्रा आली नाही अजून.

पिंप रिकामं. मी कधी प्याले?

विहिरीकडून गार वारा येऊन राह्यला. गार वारा येतो आहे.

२७ एप्रिल

भर दुपार. मी कठड्यावर बसले आहे. कशी आले, ठाऊक नाही. पदर सुटलेला. हात काट्यांनी फाटलेत. काट्या मीच उपसल्या असणार. वही बरोबर आली तेवढं बरं झालं.

हाक मारून झाली. मी नाही मारली. ती पोर निघाली आहे, आजीच्या हाताला हिसडा देऊन. म्हातारी मागे पडली, धापा टाकते आहे. पलीकडे धुरळा दिसतो, जीप असेल. लांब आहे.

खाली दगडांत पाणी चमकतंय. खोटं आहे. तिथे पाणी नाही —

हात अजून माझा आहे. बेबीनंदाला वाचता येतं. काना नाही, मात्रा नाही. पानभर मोठं लिहिते. तिच्याकडे धरते.

पळ

पळ

पळ

थांबली. बघते आहे. ओठ हलताहेत तिचे. प... ळ... तुळजाबाई पोचत आली, प्रभू, अजून जरासं, हात माझा राहू दे, जरासंच —

बेबे, कागदाचं ऐकू नगं. म्या थांब म्हनलं व्हतं न्हवं? आले बघ म्या. आता ये. पानी लई गार हाय, ये माय, हात दे, हात —