मिओला कोण घेऊन गेलं

यामागाता, ८ जून १९७७

ति. सावाए आत्यास,
चिगुसाचा सा. न. वि. वि.

भाताची लावणी आटोपली. आईची कंबर धरली आहे, तरी मिओला दुसऱ्या कुणाला उचलू देत नाही. माझ्या पाठची, सोळा वर्षांची मुलगी, अजून भरवावं लागतं.

भरपाईचा अर्ज परत आला. देवीच्या लशीनंतर मेंदूचं असं दुखणं होऊ शकतं, हे डॉक्टर मानतात. पण लस दुखण्याच्या आधीच टोचली याला पुरावा काय, असं कचेरी विचारते. त्यांचे कागद रद्दीत गेले, आपले पुरात. दंडावरचा वण दाखवला, तर साहेब म्हणाले की वणावर तारीख नसते. नेणाऱ्याची साक्ष हवी, सहीच्या जागी स्वतःच्या नावाच्या शिक्क्यासह. आई शेतात होती. मिओला पाठीशी बांधून लस टोचायला तूच नेलंस. लिहून देशील ना? यात लाजायचं काय आहे?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
चिगुसा

साकाता, १९ जून

चि. चिगुसास अनेक आशीर्वाद.

तू पदवी घेतलीस, म्हणून कुणी कशाला लाजायचं हेही तूच ठरवणार का गं? माझं लग्न जुळवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, घरात असं मूल आहे हे सासरी कळता कामा नये. इथे सगळे समजतात, दादाला तू एकटीच. माझा शिक्का सासूबाईंच्या कपाटात असतो. कशाला हवा, ते सांगावं लागेल. त्यात नणंदेचं लग्न ठरतंय. भित्री म्हण, पण पुन्हा मागू नकोस.

सुकी मासळी पाठवते. मिओला काटे काढून द्या.

दूर असले तरी तुमचीच,
सावाए

यामागाता, १ जुलै

ति. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. कुणाच्या संसारात काय जळेल, याचा विचार न करता मी उपदेश केला. आई मलाच रागावली. म्हणाली, लस टोचायला मिओला तीच घेऊन गेली, हे सावाएच्या मनाला आधीच खात असेल. तिला छळू नकोस. मुदत महिनाअखेर संपते. मी मागणार नाही.

रागावू नकोस गं.
चिगुसा

साकाता, १४ जुलै

चि. चिगुसास अनेक आशीर्वाद.

साक्ष सोबत आहे. वहिनींचं बोलणं वाचलं. जेवता जेवताच सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी शिक्का माझ्यापुढे ठेवला आणि आत गेल्या. नणंद रडली. यांनी एवढंच विचारलं, की मुलीचं नाव काय.

अकरा वर्षांत ते या घरात मी एकदाही उच्चारलं नव्हतं. मिओ म्हणताना जीभ अडखळली. हे म्हणाले, ऐकू आलं नाही, पुन्हा सांग.

पुन्हा सांगितलं.

मिओची आत्या,
सावाए