तीन दिवसांची राखण

प्रिय लूरीन,

माझं पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, दोन वाक्यं झाली की मी हवापाण्यावर घसरतो. काल शेजारची वर्नेल उकडलेल्या शेंगा घेऊन आली होती. बोलता बोलता म्हणाली की फ्लोरिडातल्या तुझ्या जुन्या लोकांनी तुला परत बोलावलंय, रानाच्या भल्यासाठी ठरवून रान जाळणाऱ्या सगळ्या पथकाची मुख्य म्हणून, आणि तू नाही म्हणालीस. तरी शुक्रवारपर्यंत विचार कर म्हणालेत म्हणे. "एवढी गुणाची पोर विम्याच्या ऑफिसात कागद चिवडतेय, आणि तुम्ही खुशाल शेंगा सोलताय!" असं मला वर सुनावून गेली. वर्नेलची जीभ तुला माहीतच आहे. तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी इकडची खबर. खालच्या चाळीस एकरांत आज सकाळी कुंपणाशी उभा राहून कान दिला, तर पाच लावे पाच कोपऱ्यांतून ओरडत होते. पाच! तू जाळायच्या आधी तिथं झुडपांचं असं गचपण माजलं होतं की आपला कुत्राही आत शिरायला कां-कूं करायचा. आता गुडघाभर गवत आहे, खाली मोकळी जमीन आहे, लाव्यांची पिल्लं त्यातून तुरुतुरु पळतात. जमिनीत राहणाऱ्या कासवांची नवी बिळंही दिसतात, आणि दुपारी एखादं म्हातारं कासव कोवळं गवत चघळत बसलेलं असतं, अगदी माझ्यासारखं, कुणाची घाई नाही की गडबड नाही. माझे आजोबा दर दोन-तीन वर्षांनी हे रान जाळायचे. पुढं आम्हाला सांगितलं गेलं की आग म्हणजे रानाचा शत्रू, आणि मी शहाण्याने चाळीस वर्षं तिथं काडी ओढू दिली नाही.

सहा वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी मला काल घडल्यासारखा आठवतो. मी पिकअपमध्ये बसून कॉफी पीत होतो, तोंड वाकडं करून, आणि तुला वाटलं असेल की म्हातारा चिडलाय. अगं, मी बघत होतो! आग बाहेर जाऊ नये म्हणून तू दोन दिवस आधीच कडेनं जाळरेषा नांगरून घेतली होतीस, अकरा जुन्या पाइनांच्या बुंध्यांभोवती पडलेल्या पानांच्या वाळक्या सुया दाताळ्यानं ओढून काढल्या होत्यास. सकाळी वाऱ्याची दिशा बघितलीस, हवेतला ओलावा मोजलास, परवानगीचा फोन केलास. मग वारा जिकडे जाणार त्या कडेनं आधी आग लावलीस, म्हणजे ती वाऱ्याच्या उलट, रांगत रांगत मागं सरकली. तुझ्या जागी मी असतो तर एवढ्या वेळात सगळं रान एकदम पेटवून मोकळा झालो असतो. तुझ्या हातातल्या डब्यातून जळतं तेल ठिबकत होतं आणि तू चालत होतीस ती अशी सहज, जणू कोंबड्यांना दाणे टाकतेयस. आमच्या अख्ख्या खानदानात असं काम मी कुणाचं पाहिलं नाही, आजोबांचंही नाही. हे तेव्हाच तोंडावर म्हणायला हवं होतं. मी फक्त म्हणालो, "जेवायला मासे तळलेत."

दुसऱ्या दिवशी तुला कामावर परत जायचं होतं. जाताना तू मला त्या अकरा झाडांपाशी फिरवलंस. म्हणालीस, "डॅडी, वरच्या सुया काढल्यात, पण खाली चाळीस वर्षांचा कुजका थर आहे. तो धुमसत राहतो, धूरही दिसत नाही, आणि आतून मुळं भाजून निघतात. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बुंध्याशी हात लावून बघायचं. कोमट लागलं की खणायचं आणि पाणी ओतायचं. विसरायचं नाही हं!" मी म्हटलं, "मला काय कुकुलं बाळ समजतेस?" पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. उन्हाळ्यात सगळ्यात मोठा पाइन लाल पडत गेला, माझ्या बापानं कधी कुऱ्हाड लागू दिली नव्हती तो. त्याच्या खोडात सुतार पक्ष्यांची घरं होती, तेही गेले. ऑगस्टमध्ये तू आलीस तेव्हा वर्नेलच्या आणि तुझ्या आत्याच्या देखत मी बोललो, "हे बघ तुझं शिक्षण. माझ्या बापाचं झाड खाल्लंस." तू रडली नाहीस. एवढंच विचारलंस, "तीन दिवस बघितलं होतंत ना?" मी म्हणालो, "बघितलं." तू मान खाली घातलीस, आणि त्यानंतर आगीला हात लावला नाहीस. वर्नेल सांगत होती, त्या लोकांनाही तू हेच कारण दिलंस, की ज्या बाईला आपल्या बापाचं एक झाड वाचवता आलं नाही, तिच्यावर दुसऱ्यांची रानं कशाला सोपवता.

लूरीन, मी खोटं बोललो. पहिल्या दिवशी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी चर्चच्या पुरुषमंडळींची डुक्कर भाजायची स्पर्धा होती, मी तिकडं गेलो, आणि तिसऱ्या दिवशी दमलो म्हणून घरी पडून राहिलो. चौथ्या दिवशी मोठ्या पाइनशी गेलो तर मुळाशी जमीन इतकी तापलेली होती की हात ठेववेना. दोन बादल्या पाणी ओतलं आणि कुणाला सांगितलं नाही. बाकीची दहा झाडं हिरवीगार आहेत ती तुझ्या हातामुळं, आणि ते एक गेलं ते माझ्यामुळं. गेली दोन वर्षं मी इथल्या शेजाऱ्यांबरोबर त्यांचं आणि आपलं रान जाळायला जातो, आणि जाळून झाल्यावर दर वेळी बुंध्यांशी बसून हात लावत फिरतो, म्हणून तुझं काम किती चोख होतं हे मला आता नीट कळतं. आज सकाळी वर्नेलच्या दारात जाऊन तिला सगळं सांगितलं, तुझ्या आत्यालाही फोन केला. दोघींनी मला जे काय ऐकवायचं ते ऐकवलं. आता तूही ऐकव, मी ऐकून घेईन. पुढं माझ्याशी बोलू नकोस हवं तर, इथं येऊ नकोस, पण शुक्रवारच्या आत त्या लोकांना फोन कर आणि हो म्हण. तुझ्या आगीत काही चूक नव्हती, पोरी.

तुझाच, अपराधी,
डॅडी