खडकामागचं पाणी

१२ जानेवारी

चि. बुटकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच तुणतुणं: दादा, मुशा (तुमच्या भाषेत शार्क) पिल्लं घालायला कुठे जातात ते सांग. लहानपणीही तू असंच डोकं खायचीस. हरलो बाई.

बंदराच्या उत्तरेला खडकांची रांग आहे ना, तिच्यामागे दीड-दोन पुरुष खोल गढूळ पाणी आहे. थंडी सरली की पोटुशा मुशा तिथे येतात. मोठे मासे आत शिरत नाहीत, म्हणून पिल्लं जगतात. आपण काही साधुसंत नाही. बाहेर मुशी मिळाली की आणतोच. मांस बाजारात जातं, काळजाचं तेल बोटीच्या फळ्यांना लागतं, वाळलेलं कातडं सुतार लाकूड घासायला नेतो. पण ते दोन महिने आत जाळं टाकायचं नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही, हे बाबांनी शेवटपर्यंत पाळलं. मलाही ते स्वतः अंथरुणाला खिळल्यावरच सांगितलं. आई म्हणते, बुटकीला सांगायला हरकत नाही, ती घरचीच आहे.

तुझ्या खात्याच्या अहवालासाठी पिल्लं मोजायला ये, मी आत नेतो. काम झाल्यावरही दादाची आठवण ठेव.

तुझा दादा


२ मे

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासोबतचे ते आठ दिवस अजून डोळ्यांसमोर आहेत. तू बोटीच्या टोकावर उभा राहून हातांनी खुणा करत होतास आणि दोन्ही बाजूंना खडक. मी तर जीव मुठीत धरून बसले होते. तुझ्याशिवाय तिथून कुणाची बोट जाणार नाही.

आईला सांग, मुशीचं पिल्लू आईच्या पोटात नाळेवर वाढतं, आपल्यासारखंच. त्याला बेंबीही असते. बेंबी मिटलेली नसली की ओळखायचं, नुकतंच जन्मलंय. तशी दोनशे चाळीस पिल्लं मी मोजली. एका मुशीला वर्षाला चार-पाचच होतात, म्हणून ही जागा जपायला हवी.

आनंदाची बातमी म्हणजे माझा अहवाल छापून आला आणि मी नोकरीत कायम झाले! सोबत नकाशा आहे. नकाशाशिवाय जागा राखीव होत नाही, असं साहेबांचं म्हणणं. अर्ज वर गेलाय. बाबांनी एकट्याने राखलं, आता सरकार राखेल. रागावू नकोस हं.

धाकटीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी बुटकी


९ मार्च

चि. बुटकीस आशीर्वाद.

तुझा अर्ज अजून वरच असेल. खाली मोठ्या इंजिनाच्या तीन बोटी आल्या आणि दोन दिवसांत खडकामागचं पाणी खरवडून गेल्या. केबिनच्या भिंतीला तुझा नकाशा चिकटवलेला होता, लाल गोलासकट. छपाई छान आहे. मुशांचे पर कापून डेकवर वाळत घातले होते, ते लांब कुठेतरी जातात म्हणे. बाकीच्या मुशा ढिगाने विकल्या.

बाबांनी तीस वर्षं तोंड उघडलं नाही. तू एका वर्षात छापून मोकळी झालीस. कायम झालीस, अभिनंदन.

दादा


१७ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चूक माझी आहे. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले की अहवाल सर्वांसाठी खुला असतो. हे मला आधी कळायला हवं होतं. आईला तोंड कसं दाखवू?

पण दादा, एक विचारते. नकाशात जागा आहे, खडकांतली वाट नाही. ती मी मुद्दाम दिली नव्हती. आणि त्यांच्या केबिनची भिंत तुला कुठून दिसली?

उत्तर दे, वाटेल तेवढं रागावून दे.

तुझी बुटकी


२६ मार्च

चि. बुटकीस,

विचारलंसच तर ऐक. त्या बोटी दोनदा येऊन खडक बघून परत गेल्या. मग बोट हाकणारा त्यांचा तांडेल वाट विचारायला घरी आला. मी एक पैसाही घेतला नाही, ते तरी खरं मान. मला तुझाच राग आला होता. बाबांची गोष्ट सांगून बुटकी मोठी झाली, आता मी कुणासाठी राखत बसू, असं मनात आलं आणि मी त्यांच्या बोटीच्या टोकावर जाऊन उभा राहिलो.

जाळं वर आलं तेव्हा पोटुशा मुशा डेकवरच पिल्लं टाकायला लागल्या. तू सांगितलेली बेंबी मी तेव्हा पाहिली. हाताला लागतील तेवढी पिल्लं पाण्यात सोडली. खलाशी हसत होते. बरीचशी उलटी होऊन तरंगली. वाट मी दाखवली होती, त्यामुळे थांबा म्हणायलाही तोंड नव्हतं.

आईला वाटतं, सगळं नकाशानेच झालं. ती तुझं नाव काढत नाही. तिला खरं सांगायला दोनदा तिच्यासमोर बसलो आणि उठलो. बुटके, तूही सांगू नकोस. तू लांब आहेस, तुझं निभेल. मला रोज तिच्याच हातचं जेवायचंय.

दादा