भोपळे कुणी पाहिले?

ता. १ मे १९२७, रविवार

आण्णा वस्ताद जाऊन आज सहा दिवस. सकाळीच केशवराव घरी. नवी पेठेत कापडाचं दुकान, आणि आमच्या तालमीचे चिटणीसही तेच. चहा घेतला, दोनदा. म्हणाले, "पंधरा तारखेला शोकसभा. चाळीस वर्षं त्यांनी या गावाला पोहायला शिकवलं. तुम्ही मास्तर, शिवाय त्यांचे चेले. चरित्र तुम्हीच लिहून वाचायचं."

म्हटलं, दोघांचं लिहितो. विहिरीवर वस्ताद दोन होते, आण्णा आणि रसूलचाचा.

केशवरावांनी बशी खाली ठेवली. "रसूलचं नाव नको. त्याच्या हलगर्जीपणानं राजय्या बुडाला. राजय्याची बायको सभेला येणार. तिच्यासमोर शोभतं का?"

"बरं," म्हणालो. सोळा वर्षं हेच करत आलोय.

ता. २, सोमवार

शाळेला सुट्टी. लिहायला बसलो. "कै. आण्णा वस्ताद यांचा जन्म..." कुठं झाला कोणास ठाऊक. खोडलं.

आठवतं ते असं. परीक्षा संपल्या की मृग लागेपर्यंत रोज सकाळी मळ्यातल्या विहिरीवर गर्दी. शिकणाऱ्याच्या पाठीवर दोन सुके भोपळे सुतळीनं बांधायचे. आठ दिवसांनी एक सोडायचा. मग एका सकाळी पाण्यातच, न सांगता, आण्णा हळूच दुसऱ्याची गाठ ओढायचे. शिकणाऱ्याला कळायचं ते पलीकडच्या पायरीला हात लागल्यावर. आण्णा कधी ओरडले नाहीत. "पाण्याशी भांडू नगं, त्ये कुनाशी भांडत न्हाय," एवढंच. पाण्यावर उताणे पडून अडकित्त्यानं सुपारी कातरायचे. थाप नाही, मी पाहिलंय.

चाचांचं सगळं उलटं. शिव्यांची लाखोली, पण कुणी गटांगळी खाल्ली की त्याची दुसरी गटांगळी होऊ द्यायचे नाहीत. गावातल्या बायकांच्या किती घागरी, किती नथी त्यांनी तळातून काढून दिल्या. त्यात डावा कान गेला.

दोन पानं झाली. दुसरं वाचायचं नाहीये.

ता. ५, गुरुवार

तीन दिवस टाळलं. कोनाडा आवरला, जुनी पंचांगं बांधून ठेवली. आता इथं तरी लिहून टाकतो.

भोपळे तपासायचं काम माझं होतं. मी सतरा वर्षांचा, हाताखालचा. रोज सकाळी एकेक भोपळा पाण्याखाली दाबून धरायचा. बुडबुडा आला की भोक आहे समजायचं, मेणानं बुजवायचं, आणि भोपळा सावलीत ठेवायचा. राजय्या बुडाला त्याच्या आदल्या दिवशी मी ते सगळे भिंतीवर उन्हात विसरलो. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन. एकाच्या देठापाशी मीच मेण भरलं होतं, ते वितळलं असणार. त्या सकाळी मॅट्रिकचा निकाल यायचा होता, पोस्टात पळायची घाई. पाण्यात दाबलाच नाही. नखानं टकटक केलं, आवाज बरा आला, दिला बांधून.

राजय्याच्या पाठीवर. घरी हातमाग, वय तिशीच्या आत, बायको नरसम्मा, एक तान्ही मुलगी. त्याचा चौथा दिवस. विहिरीच्या मध्यावर गेला आणि एक भोपळा पाण्यानं भरला. एका अंगावर कलला, घाबरला, हातपाय झाडत कपारीखाली गेला. आण्णा वर मळ्यात होते. चाचा दुसऱ्या टोकाला. त्यांनी तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीत वर आणला. उपयोग नव्हता.

माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "भोपळे कुणी पाहिले?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. चाचा म्हणाले, "मी." मग मी मिटलं.

निकाल तिसऱ्या प्रहरी कळला. पास.

ता. ६, शुक्रवार

चाचांना त्यानंतर विहिरीवर कुणी उभं केलं नाही. बिऱ्हाड उचलून कुंभारीला गेले, बैलगाडी हाकतात. आण्णांचा मान मात्र वाढतच गेला. मी मास्तर झालो. मुलांना कवायत शिकवतो, खरं बोलावं यावर निबंध लिहून घेतो.

लाज वाटते. नुसती वाटून काय होतंय.

ता. ८, रविवार

भाड्याची सायकल काढून कुंभारीला गेलो. चाचा दारात बैलांच्या जुपण्या वळत बसले होते. दाढी पांढरी, खांदे अजून तसेच. उजव्या बाजूला बसलो, ऐकू यावं म्हणून. म्हटलं, चाचा, सभेत सांगून टाकतो. भोपळे मी पाहिले नव्हते.

वळणं थांबवलं नाही. म्हणाले, "मला ठाव हाय की. पयल्या दिवसापास्नं."

मग तुम्ही का घेतलंत अंगावर?

दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं. मग: "आण्णा पायऱ्या उतरत आला. माज्या कानाला लागून म्हनला, पोरगं मॅट्रिकला बसलंय, त्येचा जलम जाईल. रसूल, तू घे. तुजं मी बघतो."

बघितलं?

"दरसाल जवारी धाडायचा. पोतं भरून." दोरीला पीळ दिला. "हिरीवर न्हाय बोलवलं."

उठताना माझं मनगट धरलं. पकड तीच, पाण्यातली. "बोलू नगं. तू बोललास तर मी वर यीन, पन आण्णा खाली जाईल. मेलेला मानूस पुन्ना मारतो व्हय रं?"

परतताना वारा समोरून. सायकल हातात धरून चालत आलो.

ता. १०, मंगळवार

राग आलाय. चाचांवर नाही, आण्णांवर. एका माणसाला वाचवायला दुसऱ्याला ढकलला, आणि वाचवलेला मी. मला रागवायचा हक्क नाही, कबूल. तरी आलाय. आणि रात्रंदिवस आठवण त्यांचीच येते. पहिल्यांदा माझी गाठ सोडली तेव्हा पलीकडच्या पायरीवर बसून हसत होते. त्या माणसानं मला पाण्यात कधी फसवलं नाही.

चाचांचा चौथा कागद लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला.

ता. १२, गुरुवार

यमूला सांगितलं. लग्नाला बारा वर्षं, आज पहिल्यांदा. भाकरी थापत होती, हात थांबले. रडेल वाटलं. रडली नाही. म्हणाली, "बारा वर्षं माझ्या हातचं जेवलात. घास अडला नाही?"

नाही अडला.

मग म्हणाली, नरसम्माकडून मी दोन लुगडी घेतलीत, तिनं मला पाटावर बसवून गूळपाणी दिलं. तेव्हाच का नाही सांगितलंत, गेले नसते.

तव्यावरची भाकरी करपली. तशीच वाढली.

ता. १४, शनिवार

केशवराव लिखाण बघायला आले. आण्णांचंच तेवढं दाखवलं. खूश. "मास्तर, डोळ्यांत पाणी आणलंत." चाचांची पानं गादीखाली होती. ते गेल्यावर काढून जोडली.

सभेला चाचा येणार नाहीत, असं धरून चाललोय. न आलेले बरे. मग मला थोपवायला कुणी नसेल. आणि मी स्वतःच थांबलो तर? माझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून तर भीती.



ता. १५, रविवार

सभा झाली.

संध्याकाळी पाचला तालमीच्या अंगणात. माणूस माणसाला खेटून. बायकांच्या बाजूला अगदी पुढं नरसम्मा, शेजारी तिची मुलगी, आता उपवर. चाचा आले. कुणी बोलावलं नव्हतं. दाराशी उभे राहिले, बस म्हणायलाही कुणी पुढं झालं नाही.

वाचू लागलो. सुपारीपाशी माणसं हसली, काही बायका डोळे पुसत होत्या. मग चाचांचं पान आलं. नाव घेतलं तशी कुजबुज. केशवराव खाकरले. मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "त्या सकाळी भोपळे पाण्यात दाबून बघायचं काम ज्याचं होतं, तो..."

"मास्तरला ऊन लागलंय." चाचा. दारातूनच, मोठ्यानं, विहिरीवर हाक मारायचे तसे. "तब्येत बरी न्हाय त्येंची. बसवा त्येंना, पानी द्या."

केशवरावांनी दंड धरला. कुणीतरी तांब्या आणला. आणि मी बसलो. पाय धड होते, डोकं शांत होतं, ऊन बिन काही लागलं नव्हतं. तरी बसलो. पाणीही प्यालो.

चाचा लगेच निघून गेले. त्यांच्याकडे बघून एक जण थुंकला. पुढचे दोघं बोलले, आण्णांच्या तसबिरीला हार घातला, संपलं.

सगळा वेळ नरसम्मा चाचांकडे एकदाही वळली नाही. माझ्याकडेच बघत होती. निघताना तिनं यमूला बाजूला घेतलं.

यमूनं घरी आल्यावर सांगितलं, नरसम्माच्याच तेलुगू वळणाच्या शब्दांत: "मास्तरला म्हना, सकाळी माग लावायच्या आदी घरला या. अर्ध सांगितले तुमी. राहिलेला अर्ध माजा आहे."

ता. १६, सोमवार

पहाटे पाच. अंघोळ झाली. माझं तेवढं सांगायचं हे पक्कं. पण ती विचारणारच, मग रसूलनं का घेतलं? तिथं आण्णांचं नाव घ्यायचं की नाही, अजून ठरत नाही. घेतलं तर चाचांचा शब्द मोडतो. नाही घेतलं तर पुन्हा कुणासाठी तरी अर्धंच.

चहा नको म्हटलं. यमूनं डोक्यावर पदर घेतला, म्हणाली, सोबत येऊ?

नको म्हटलं. चप्पल घातली, उंबऱ्यापर्यंत गेलो. मग म्हटलं, ये.